उंदीर, हळद आणि चार मिनिटं

माझ्या धाकट्या भावानं नैराश्यावरची गोळी परस्पर बंद केली, त्याला निमित्त झालं एक कात्रण. वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीतलं, वीतभर. हळदीतला कर्क्युमिन हा घटक नैराश्यावर प्रचलित औषधांइतकाच गुणकारी असल्याचं संशोधनात आढळलं, अशी दीड परिच्छेदाची बातमी आणि शेजारी हळकुंडांचा फोटो. ते कात्रण मीच कापून त्याला दिलं होतं.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी सव्वीस वर्षं हिशेब लिहिले. सौदे, पोती, तोलाई, हमाली, हरिपूरची पेवं, यातच उमेदीची वर्षं गेली. हंगामात संध्याकाळी घरी जाताना माणूस कॉलरपासून नखांपर्यंत पिवळा झालेला असायचा. अशा माणसापुढं कुणी हळदीचं कौतुक केलं की त्याला ते आपलंच वाटतं. ‘बघ, तुझं औषध आमच्या यार्डातच निघालं,’ एवढंच मी भावाला म्हणालो. गोळी सोड असं म्हणालो नव्हतो. पण दोन वर्षं रोज गोळी घेऊन तो कंटाळला होता, आणि थोरल्या भावानं हातात दिलेला छापील कागद त्याला पुरेसा झाला. सकाळ-संध्याकाळ चमचाभर हळद आणि मिरपूड सुरू झाली. पहिल्या आठवड्यात चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. ते थांबले तेव्हा आम्हाला वाटलं, सुटला एकदाचा. तिसऱ्या महिन्यात भावजयीचा फोन आला, ‘दादा, हे परत तसेच भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागलेत.’

आता तो बरा आहे, आणि हे सगळं त्याला विचारूनच लिहितो आहे. पण त्या वेळी पुन्हा रुळावर यायला त्याला जवळजवळ वर्ष लागलं. त्या वर्षात मी त्या बातमीचं मूळ शोधत बसलो. मी साधा बी. कॉम.; शास्त्राशी संबंध दहावीनंतर सुटलेला. शब्दकोश शेजारी ठेवून एकेक शोधनिबंध वाचायचा, अडलं की मिरजेतल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारायचं, असं करत करत आता बारा वर्षं झाली. मूळ निबंध हाती आला तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही, की कात्रणात एक शब्द गाळलेला होता. तो शब्द म्हणजे ‘उंदीर’. दुसरा गाळलेला शब्द त्याहून लहान होता. निबंधात ‘नैराश्यरोधक’ म्हटलेलं नव्हतं, ‘नैराश्यरोधक-सदृश’ म्हटलेलं होतं. त्या ‘सदृश’मध्ये किती काय दडलेलं असतं, त्याची ही हकीकत.

*

उंदीर नैराश्यात आहे की नाही, हे कसं ओळखायचं? तो सांगत नाही. म्हणून त्याच्या वागण्यातली एखादी मोजता येण्याजोगी गोष्ट धरावी लागते. सर्वाधिक वापरली गेलेली चाचणी रॉजर पोरसोल्ट या संशोधकानं फ्रान्समध्ये १९७७ साली मांडली. पाण्यानं भरलेल्या काचेच्या नळकांड्यात उंदीर सोडायचा. कड उंच, गुळगुळीत, बाहेर पडायला वाट नाही. उंदीर आधी जोरात पोहतो, काच चढायला बघतो. मग थांबतो, आणि नाक पाण्यावर राहील एवढीच हालचाल करत तरंगतो. पोरसोल्टनं या तरंगण्याला ‘वर्तनातली हताशा’ म्हटलं. सहा मिनिटांपैकी पहिली दोन सोडून द्यायची आणि उरलेल्या चार मिनिटांत उंदीर किती सेकंद निश्चल होता ते मोजायचं. इमिप्रामिनसारखं नैराश्यावरचं जुनं औषध आधी दिलेलं असेल तर हे सेकंद कमी भरतात. नवा पदार्थ दिल्यावरही कमी भरले, की तो ‘नैराश्यरोधक-सदृश’. १९८५ साली याचीच कोरडी आवृत्ती आली. तीत उंदराला शेपटीला चिकटपट्टी लावून सहा मिनिटं उलटं टांगतात आणि पुन्हा निश्चलतेचेच सेकंद मोजतात.

आपल्याकडं फार्मसी महाविद्यालयं गावोगाव झाली आणि एम. फार्म.च्या मुलांना प्रबंधाला विषय हवेच असतात. आसपासच्या एखाद्या वनस्पतीचा अर्क, तीस उंदीर, एक नळकांडं आणि एक स्टॉपवॉच, एवढ्यावर विषय उभा राहतो. माझ्या जुन्या सहकाऱ्याची मुलगी अशाच एका महाविद्यालयात एका वेलीच्या पानांचा अर्क तपासत होती. प्रमुखांची परवानगी काढून तिनं मला एक दिवस प्रयोग बघू दिला. ‘काका, बोलायचं नाही आणि हलायचं नाही,’ एवढीच अट.

पाच गट होते, प्रत्येकात सहा पांढरे उंदीर. एका गटाला नुसतं द्रावण, एकाला इमिप्रामिन, बाकी तिघांना अर्क, किलोमागं १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम या प्रमाणात. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी १९६०च्या कायद्याखाली केंद्र सरकारची समिती आहे आणि प्रत्येक संस्थेत नीतिसमिती असते. त्या मंजुरीचा क्रमांक भिंतीवर लावलेला होता. पाणी कोमट. प्रत्येक उंदीर सहा मिनिटांनी बाहेर काढून टॉवेलनं पुसून दिव्याखाली ठेवला जाई. पहिल्या उंदराला बघताना माझा जीव वर-खाली झाला. सहाव्याला मी घड्याळाकडं बघायला लागलो होतो. माणूस किती लवकर सरावतो ते त्या दिवशी कळलं.

उंदीर निश्चल आहे हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. एक पाय हलला तर तो पोहला की नुसता तोल सावरला? ते ती मुलगीच ठरवत होती, आणि घड्याळही तीच दाबत होती. मी हिशेबनीस माणूस. पैसे घेणारा आणि वही लिहिणारा एकच असेल तर माझ्या डोक्यात घंटी वाजते. चहा घेताना मी तिला विचारलं, ‘कोणत्या पिंजऱ्याला काय दिलंय हे तुला माहीत आहे ना?’ तिला सगळं पाठ होतं. ती थोडा वेळ गप्प राहिली. सुदैवानं तिनं सगळे प्रयोग मोबाइलवर चित्रित केलेले होते. तिनं चित्रफितींना नुसते क्रमांक दिले आणि यातलं काही ठाऊक नसलेल्या मैत्रिणीकडून सेकंद पुन्हा मोजून घेतले. २०० मिलिग्रॅमच्या गटातला फरक नाहीसा झाला. ४००चा उरला, पण अर्ध्यावर आला. मुलगी खोटं बोलत नव्हती. आपला अर्क चालावा असं तिला वाटत होतं, एवढंच.

पुढची अडचण त्याहून मोठी. पोहण्याची चाचणी शेवटी हालचाल मोजते. मग जो पदार्थ उंदराला नुसता चळवळ्या करील तोही पास होणार. कॅफीन आणि अँफेटामीन अशी उत्तेजकं इथं खोटे होकार देतात, हे जुनं ज्ञान आहे. म्हणून सोबत दुसरी तपासणी करतात. चौकोनी खोक्याच्या तळावर रेघा आखायच्या, उंदीर सोडायचा आणि तो किती चौकटी ओलांडतो ते बघायचं. ज्या निबंधात ही तपासणी नाही तो मी आता पुढं वाचत नाही.

आणि निश्चलता म्हणजे हताशा, हे तरी कुणी ठरवलं? पोरसोल्टचा निबंध आला त्याच्या पुढच्याच वर्षी आक्षेप निघाला होता, की उंदीर हताश झालेला नसेल, तर हातपाय मारून उपयोग नाही हे शिकून शक्ती वाचवत असेल. नदीत वाहून जाणाऱ्याला आमच्या कृष्णाकाठची जुनी माणसं हेच सांगतात, धडपडू नकोस, तरंगत राहा. गेल्या दहा वर्षांत याच बाजूनं बरंच लिहिलं गेलं. ही चाचणी नैराश्य मोजत नाही, संकटाला तोंड द्यायची पद्धत मोजते, असं मांडणारे मेंदूशास्त्रज्ञ आता थोडे नाहीत. शिवाय माणसाला गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि उंदीर तासाभरापूर्वी दिलेल्या मात्रेनं बदलतो. एकच औषध दोन ठिकाणी एकच काम करत असेल, तर हा फरक का, याचं सरळ उत्तर या चाचणीतून मिळत नाही.

मग ही चाचणी टिकली कशी? कारण ती जुन्या औषधांना ओळखते. चाळणीची भोकं जुन्या दाण्यांच्या मापानं पाडलेली आहेत. त्या मापाचा दाणा आला की ती अचूक पकडते. निराळ्या आकाराचं काही आलं, तर ते कामाचं असूनही वरच राहील. याहून बरी चाचणी आहे. पॉल विल्नर यांनी १९८७ साली लंडनमध्ये मांडलेल्या पद्धतीत मोठ्या उंदरांना आठवडेच्या आठवडे बारीकसारीक त्रास देतात, कधी पिंजरा तिरका, कधी भुसा ओला, कधी रात्री दिवा. मग साखरेच्या पाण्याची त्यांची आवड उरली आहे का, ते बघतात. गोडाची चव जाणं हे माझ्या भावाच्या दुखण्याच्या जास्त जवळचं आहे. दिवाळीत समोरच्या करंजीला त्यानं हात लावला नव्हता. पण ही चाचणी आठवडे खाते, आणि प्रबंधाला तारीख असते.

*

प्राण्याच्या निश्चलतेवरून माणसाच्या उदासीचा अंदाज करायचा, ही कल्पना पोरसोल्टच्या आधीची आहे. आणि गंमत अशी की तिच्या मुळाशीही एक वनस्पतीच आहे, भारतातली. तिची वाट मुंबईवरून जाते.

सर्पगंधेची मुळी बिहार-बंगालकडं वेडावरची दवा म्हणून विकली जात असे. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा वेडावर आणि रक्तदाबावर उपयोग होतो असा लेख प्रसिद्ध केला. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी तिच्यातली अल्कलॉइडं वेगळी काढत होते. पण जगाचं लक्ष गेलं ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांच्या १९४९च्या निबंधामुळं. रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेचा काय परिणाम होतो याची व्यवस्थित नोंद करून त्यांनी तो ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला. तीनच वर्षांत, १९५२ साली, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं त्या मुळीतून रेसरपिन वेगळं केलं. न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिलं. वकील आणि क्लाइन या दोघांनाही १९५७चा लास्कर पुरस्कार मिळाला.

इथून कथेला वळण लागतं. रक्तदाबासाठी मोठ्या मात्रेत रेसरपिन घेणारे काही रुग्ण खोल उदासीत गेल्याच्या नोंदी १९५४ पासून येऊ लागल्या. १९५५ साली अमेरिकेत बेथेस्डा इथं ब्रोडी, प्लेचर आणि शोर यांनी दाखवलं की रेसरपिन दिलेल्या प्राण्याच्या मेंदूतलं सेरोटोनिन रितं होतं. इकडं उंदरांना रेसरपिन दिलं की ते पाठीला कुबड काढून गप्प बसत, पापण्या मिटत, अंग गार पडे. इमिप्रामिन दिलं की ही लक्षणं हटत. झालं, उदास उंदीर तयार झाला! ‘रेसरपिनच्या उंदराची पापणी उघडी राहते का’ ही पुढं कित्येक वर्षं नव्या औषधांची परीक्षा होती. सेरोटोनिन आणि त्याच्या भावंडांची कमतरता म्हणजे नैराश्य, ही जी समजूत आज रिक्षात बसलेल्या माणसालाही ठाऊक असते, तिच्या पायाच्या दगडांत हा एक दगड आहे.

पण त्याच दशकात दोन निबंध असे निघाले होते, की ते नीट वाचले असते तर पुष्कळ घाई टळली असती. १९५५ साली लंडनच्या डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांना रेसरपिन दिलं, तुलनेसाठी काहींना औषध नसलेली गोळी दिली, आणि त्यांना रेसरपिननं रुग्ण सुधारलेले दिसले. म्हणजे ज्या औषधानं उंदीर ‘उदास’ होत होता त्यानं माणसांची उदासी कमी झाली होती! १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी रेसरपिननं निपचित पडलेल्या प्राण्यांना एल-डोपा दिलं आणि ते उठून हिंडू लागले. सेरोटोनिनचा कच्चा माल दिला तेव्हा ते उठले नव्हते. एल-डोपा आज आपण पार्किन्सनच्या रुग्णाला देतो. त्या उंदराचं दुखणं मनापेक्षा हालचालीचं होतं, असा याचा सरळ अर्थ. कार्लसन यांना पुढं २०००चं नोबेल मिळालं. लंडनचा निबंध मात्र धूळ खात पडला.

दुसरी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नैराश्यावरची पहिली दोन औषधं उंदरांनी शोधलेली नाहीत. इप्रोनियाझिड क्षयाच्या रुग्णांना दिलं जात होतं, आणि ते घेणारे रुग्ण उत्साही दिसू लागले हे दवाखान्यातल्या लोकांच्या ध्यानात आलं. इमिप्रामिन दुसऱ्याच विकारासाठी आलं होतं. स्वित्झर्लंडच्या एका गावात रोलांट कून या डॉक्टरांना १९५६ साली दिसलं, की त्यानं उदास रुग्ण सुधारतात. वकिलांनीही मुळीचा गुण माणसांतच मोजला होता. माणसाकडं बघून सुचलेलं नंतर प्राण्यात तपासायचं, ही ती दिशा. वेलीचा अर्क आधी उंदरात आणि मग थेट बातमीत, ही दिशा अगदी उलटी आहे.

*

आता हळद. चीनमधल्या संशोधकांनी २००५ साली आणि चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात कुलकर्णी, भुतानी आणि बिष्णोई यांनी २००८ साली कर्क्युमिनचे उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. चंदीगडचा निबंध मी इतक्या वेळा वाचला आहे की त्याच्या घड्या फाटल्या. काम नेटकं आहे. किलोमागं १० ते ८० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिल्यावर मात्रेनुसार निश्चलता कमी होत गेली, मेंदूतलं सेरोटोनिन वाढलं, जास्त मात्रेत डोपामिनही. मिरीतलं पिपेरिन सोबत दिलं तर परिणाम वाढला. भावाची चमचाभर मिरपूड आली ती इथून.

पण कर्क्युमिन उंदरांनी खाल्लं नव्हतं. ते सुईनं पोटाच्या पोकळीत सोडलेलं होतं. हा तपशील कात्रणात असता तर यार्डातल्या हमालानंही पुढचा प्रश्न विचारला असता.

माझ्या सवयीप्रमाणं मी हिशेब मांडून पाहिला. उंदराची मात्रा माणसाच्या वजनानं सरळ गुणून चालत नाही, कारण लहान जीव औषध भराभर जाळतो. किलोमागची मात्रा साधारण १२.३नं भागायची असा रिवाज आहे. ४० मिलिग्रॅम धरले तर माणसाला किलोमागं सव्वातीन, साठ किलोच्या माणसाला १९५ मिलिग्रॅम, तेही सुईनं. हळदपुडीत कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास असतं. म्हणजे दीड ग्रॅम हळद पडलेली भाजी एकट्यानं खाल्ली तरी ४५ मिलिग्रॅम, आणि तेही तोंडावाटे. तोंडावाटे घेतलेलं कर्क्युमिन रक्तात जवळजवळ पोचतच नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ साली निरोगी माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तर रक्तात ते सापडेना किंवा नगण्य सापडलं. सोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन दिल्यावर प्रमाण वीसपट झालं. वीसपट हा आकडा हळदीच्या गोळ्यांच्या प्रत्येक डबीवर झळकतो. मुळात जे होतं ते किती, हे डबीवर नसतं. आणि पिपेरिन ही करामत करतं ती शरीरातली औषधं मोडणारी यंत्रणा मंद करून. ती यंत्रणा फक्त कर्क्युमिनसाठी नसते. भाऊ तेव्हा रक्तदाबाचीही गोळी घेत होता. तिचं प्रमाण रक्तात वाढेल का, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही.

माणसांवर प्रयोग झालेच नाहीत असं नाही. गुजरातमध्ये भावनगरला साठ रुग्णांचे तीन गट करून सहा आठवडे एकाला फ्लुओक्सेटिन, एकाला रोज एक ग्रॅम कर्क्युमिन आणि एकाला दोन्ही दिलं. २०१४ साली निकाल छापला. सुधारलेल्यांचं प्रमाण फ्लुओक्सेटिनच्या गटात शेकडा ६४.७, कर्क्युमिनच्या गटात ६२.५, दोन्हीच्या गटात ७७.८. हे फरक योगायोगानंही पडू शकतात इतके लहान होते. ‘औषधांइतकंच गुणकारी’ हे वाक्य इथूनही काढता येतं, आणि काढलं जातं. पण औषध नसलेली गोळी घेणारा चौथा गट इथं नव्हता. नैराश्याच्या प्रयोगांत नुसत्या साखरेच्या गोळीनंही तीनातला एक, कधी त्याहून जास्त रुग्ण सुधारतात. कुणीतरी दर आठवड्याला आपुलकीनं चौकशी करतं, याचाच तो गुण असतो. चौथ्या गटाशिवाय ६२ या आकड्याचं काय करायचं? त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ५६ जणांवर असा तुलनेचा प्रयोग झाला. पहिले चार आठवडे फरक नाही, नंतरच्या चार आठवड्यांत कर्क्युमिनचा गट थोडा पुढं. आशा ठेवावी इतपत, गोळी सोडावी इतपत नक्कीच नाही.

मग २०१७ साली मिनेसोटाच्या कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांचा मोठा आढावा आला, आणि माझ्यातल्या यार्डवाल्याला तो झोंबला. त्यांचं म्हणणं असं, की कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या अनेक तपासण्या बिघडवतं. ते स्वतः प्रकाश फेकतं, प्रथिनांना चिकटतं, पाण्यात लवकर मोडतं, आणि त्यामुळं ज्या तपासणीत टाकाल तिथं ‘हो’ येतं. सव्वीस वर्षं ज्याच्या कपड्यांना आणि वह्यांना हळद लागली त्याला हे समजायला रसायनशास्त्र लागत नाही. आमच्या यार्डातही आता खरेदीदार हळकुंडाचा वास घेण्याआधी कर्क्युमिनची टक्केवारी विचारतात.

*

बाकीच्या वनस्पतींबद्दल थोडक्यात. अश्वगंधेतल्या घटकांवर बनारस हिंदू विद्यापीठाच्या भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांवर काम केलं आणि इमिप्रामिनशी तुलना केली. आज दुकानादुकानांत दिसणाऱ्या अश्वगंधेच्या कॅप्सुलांना अशा कामांचा टेकू मिळतो. क्वचित काहींच्या यकृताला तिनं इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, त्यांना मिळत नाही. केशराचं प्रकरण जरा निराळं. इराणमध्ये उंदरांवर आणि माणसांवर साधारण एकाच काळात काम झालं. तेहरानला २००४ साली सौम्य ते मध्यम नैराश्याच्या तीस रुग्णांत रोज ३० मिलिग्रॅम केशर इमिप्रामिनच्या बरोबरीनं उतरलं. पुढचे प्रयोगही अनुकूल आहेत, पण बहुतेक लहान. शिवाय केशराचा वास लपवायचा कसा, हा प्रश्न आहेच.

माणसांतला सर्वांत भक्कम पुरावा युरोपातल्या सेंट जॉन्स वर्ट या पिवळ्या फुलांच्या झुडपाचा आहे. जर्मन डॉक्टर ते पूर्वीपासून लिहून देत आले. उंदीर नंतर आले. २००८ साली २९ प्रयोगांचा, ५४८९ रुग्णांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस आणि नेहमीच्या औषधांच्या तोडीचं दिसलं. जर्मन भाषक देशांतले निकाल जास्त चांगले. अमेरिकेतल्या ३४० रुग्णांच्या २००२च्या प्रयोगात मात्र ते हरलं. सांगायला हवं, की त्या प्रयोगात तुलनेसाठी घेतलेली सर्ट्रालिनची गोळीही मुख्य मापांवर जिंकली नव्हती. नैराश्यात मोजमाप किती निसरडं असतं, ते यावरून दिसेल. आणि झाडाचं आहे म्हणून निरुपद्रवी, हेही खरं नाही. हे झुडूप शरीरातली औषधं मोडणारी यंत्रणा वेगवान करतं, मिरीच्या नेमकं उलट. झुरिचमध्ये हृदय बदललेले दोन रुग्ण ते घेऊ लागले, त्यांच्या रक्तातलं सायक्लोस्पोरिन घसरलं आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. हा वृत्तान्त २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला.

उंदरांवर प्रयोग करूच नयेत असं माझं मत नाही. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात या पोहण्याच्या चाचणीवर आता कडक प्रश्न विचारले जात आहेत आणि काही मोठ्या औषधकंपन्यांनी ती सोडली आहे. मी तितका पुढं जाणार नाही. मात्र ज्या प्रयोगात मोजणाऱ्याला पिंजरे ठाऊक आहेत, खोक्यातली चाल तपासलेली नाही, अर्कात नेमकं काय किती आहे याची नोंद नाही, त्यातले तीस उंदीर फुकट गेले असं मी समजतो. पानं कोणत्या महिन्यात तोडली यानंसुद्धा अर्क बदलतो. एकाच शिवारातल्या दोन पोत्यांची हळद एक नसते, हे सौद्याला उभा राहणारा पोरगाही सांगेल.

त्या मुलीच्या प्रबंधाचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. ४०० मिलिग्रॅमचा जो निम्मा फरक उरला होता, त्याच मात्रेवर तिचे उंदीर खोक्यात जास्त चौकटी ओलांडत होते. म्हणजे अर्क उदासी घालवत होता की नुसता चाळवत होता, सांगता येईना. मार्गदर्शकांना पहिलेच आकडे छापावेसे वाटत होते. तिनं दोन्ही छापले, शेजारी-शेजारी, दोन रकान्यांत. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अर्धा तास त्या दोन रकान्यांवरच घालवला आणि बाकी काही विचारलं नाही. आता ती एका औषधकंपनीत गुणवत्ता तपासणीला आहे.

भावाचे डॉक्टर दर भेटीत त्याला घरगुती म्हणून काय काय घेतोस ते एका कागदावर लिहून आणायला सांगतात. मागच्या महिन्यात तो कागद मी पाहिला. ओवा, त्रिफळा, गुडघ्याला लावायचं तेल, आणि शेवटी ‘हळद, भाजीत’. मिरपूड खोडलेली होती. ‘मग हळद खाऊ ना?’ त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, आमटीत घाल, कमी पडली तर घरून पाठवतो.